झोनल फायनल गेली, सीझन अजून हातात आहे. इंटरझोनलआधी या तीन गोष्टी दुरुस्त करा

गडहिंग्लज : आधी निकाल सरळ सांगतो. झोनलच्या फायनलला आपल्या कॉलेजची पोरं १-० ने पुढं होती आणि २-१ ने हरली. शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाल्ले. तेव्हापासून व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोण गोलकीपरला बोल लावतंय, कोण रेफ्रीला. मी शेतातलं काम टाकून मॅचला गेलो होतो, लाईनीला चिकटून उभा होतो. म्हणून डोळ्यांनी बघितलं तेच लिहितो.

रेफ्रीचा दोष नव्हता. पहिला गोल कॉर्नरवर झाला. आपला उंच डिफेंडर त्याआधीच पायात गोळा येऊन बाहेर बसला होता, त्याच्या जागी मिडफिल्डचा पोरगा उभा होता. दुसऱ्या गोलाच्या वेळी तर तिघं जण चालत परत येत होते. चालत, पळत नव्हे. गोलकीपर एकटा काय करणार?

म्हणजे पहिलं कारण दम. आणि दम का संपला तेही बघा. संघ पहाटे निघाला, संकेश्वर-निपाणी मार्गे कोल्हापूर. दोन तास गाडीत, वाटेत वडापाव आणि चहा, उतरले की थेट मैदानात. समोरची पोरं शहरातली, घरची भाकरी खाऊन चालत आलेली. रात्री पाणी द्यायची पाळी असली की दुसऱ्या दिवशी आपल्याला काम होत नाही. मग पोरांचे पाय कसे चालतील?

दुसरं कारण बाकावरची माणसं. बदली खेळाडू म्हणून चौघंच होते. दोन चांगली पोरं यंदा संघात नाहीत, ती पोलीस भरतीच्या तयारीला लागलीत. सकाळी त्याच मैदानावर १६०० मीटरचा सराव करतात. त्यांना नावं ठेवू नका. घरात नोकरी कुणाची नसेल तर पोरगा आधी भरतीच बघणार.

तिसरं कारण डावाचं. गोल झाल्यावर सगळा संघ मागं सरकला. पुढं एकच जण राहिला आणि मागून लांब लांब बॉल मारत बसले. बॉल गेला की पुन्हा त्यांच्याकडं, पुन्हा हल्ला. एका गोलाची आघाडी सांभाळायची तर बॉल आपल्या पायात ठेवावा लागतो. दमलेल्या संघाला तर जास्तच.

आता पुढचं. सीझन संपलेला नाही, हे आधी डोक्यात घ्या. उपविजेता म्हणून आपण इंटरझोनलला पोचलोय. तिथं सांगली आणि साताऱ्याकडचेही संघ येतील. महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथल्या खेळावर शिवाजी विद्यापीठाच्या संघाची निवड होते. विद्यापीठाचा संघ पुढं पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जातो, तिथं गोवा, गुजरात, राजस्थानकडचे संघ असतात. त्यातले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेला जातात.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला नियमात बसणारी मोठी स्पर्धा आणि पदक लागतं, वर प्रमाणपत्राची पडताळणी होते. झोनलच्या उपविजेतेपदावर ते मिळत नाही. म्हणून पोरांचा खरा पेपर इंटरझोनलला आहे.

या संघात पाच पोरं शेवटच्या वर्षाला आहेत. त्यातल्या एकाच्या वडिलांनी मला मैदानाबाहेर सांगितलं, यंदा काही झालं नाही तर पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवर बसवणार. बापाचंही चुकत नाही. पण त्या पोराचा डावा पाय मी बघितलाय. त्याच्यासाठी हे दोन-तीन सामने म्हणजे सगळं आहे.

ही वाट अवघड आहे, पण बंद नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. तो संघ तिन्ही सामने हरला. म्हणून अनिकेतचं फुटबॉल थांबलं नाही.

आपल्याकडं वर्ल्डकप आला की अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागतात, तेव्हा हेही आठवा. २०२२ ला अर्जेंटिना पहिल्या सामन्यात सौदी अरेबियाविरुद्ध १-० ने पुढं होती आणि २-१ ने हरली. अगदी आपल्यासारखंच. प्रशिक्षक स्कालोनीनं पुढच्या मेक्सिकोच्या सामन्यात संघात पाच बदल केले, २-० ने जिंकले आणि शेवटी कप घेऊन गेले. ते रडत बसले नाहीत, पण जुनाच संघही उतरवला नाही.

मग आपला अंदाज काय? मला विचाराल तर सेमीफायनल जमण्यासारखी आहे. विजेतेपद अवघड, कारण तीन दिवसांत दोन-तीन सामने झाले तर आपलं बाक अपुरं पडेल. पण संघाची पुढची फळी चांगली आहे आणि फायनलचा पहिला हाफ आपण वरचढ होतो, हे शहरातल्या लोकांनीही मान्य केलं.

त्यासाठी तीन कामं. एक, संघ आदल्या दिवशीच न्या. राहायला एखादी शाळा किंवा कार्यालय मिळतं, गादी-चादर गावातून देता येते. दोन, भरतीवाल्या दोन पोरांशी सरांनी बसून बोलावं. आठवड्यातून दोन दिवस जरी आली तरी बाक भरेल, आणि पळायचा सराव त्यांचाही होतोच. तीन, ऊसतोडीचा हंगाम आहे. ज्यांच्या घरात तोड आलीय, त्या पोरांना सरावाचे पंधरा दिवस मोकळं सोडा. भावकीतला एखादा माणूस मोळ्या उचलायला जाईल.

ऊस तुटला म्हणून शेत संपत नाही, खोडवा राहतो. पण खोडव्याला लगेच खत-पाणी द्यावं लागतं, नाहीतर वाढा नुसता चाऱ्याला. पोरांचंही तसंच आहे. ग्रुपवर शिव्या घालणाऱ्यांनी सायंकाळी अर्धा तास मैदानावर यावं, बॉल आणून द्यायला तरी माणूस होईल.