हातचं कोणतं आणि पळतं कोणतं?

मंडळी, तुळशीचं लग्न उरकलं की आपल्याकडे स्पर्धांचा सीझन सुरू. आरोंदा, शिरोडा, मळेवाड, सातार्डा, कुठेही जा, मंडळाच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न एकच असतो. "यंदा भायरसून कोणाक आणूचो?" गावातला कुठला पोरगा यंदा तयार झालाय, हा प्रश्न नंतर येतो. वेळ उरला तर. यावर जरा सविस्तर लिहितोय. पूर्ण वाचा, मग शिव्या घाला.

हा प्रश्न फक्त आपल्या गावाचा नाही. अमेरिकेत बास्केटबॉलची एनबीए लीग आहे, तिथे दरवर्षी यावरून भांडणं होतात. तिथे नवीन पोरं संघांना 'ड्राफ्ट'मधून मिळतात. जे संघ तळाला राहतात त्यांना आधी निवड करायची संधी जास्त. म्हणजे हरलेल्याच्या हातात उद्याचा हिरो. पण ही निवडीची पाळी विकताही येते. पाळी देऊन टाकायची आणि बदल्यात आजचा तयार हिरो घ्यायचा.

२०१३ मध्ये ब्रुकलिनच्या संघाने हेच केलं. बोस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले. एक ३७ वर्षांचा, दुसरा ३५ चा. बदल्यात पुढच्या कित्येक वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या बोस्टनला दिल्या. ब्रुकलिनला विजेतेपद काही मिळालं नाही. बोस्टनने मात्र त्या पाळ्यांतून जेलन ब्राउन आणि जेसन टेटम उभे केले आणि २०२४ मध्ये ते दोघे विजेते झाले.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये लेकर्सने चौथ्या नंबरची पाळी आणि सोबत तरुण पोरं देऊन अँथनी डेव्हिस आणला. २०२० मध्ये विजेतेपद. म्हणजे हिरो आणणं चूकच, असं कोणी म्हणू नये. पण लेकर्सकडे लेब्रॉन जेम्स आधीच होता. एक तुकडा कमी होता, तो त्यांनी आणला. फरक इथे आहे.

अमेरिका लांब आहे, कबड्डीवर येऊ.

आंबोली घाट चढला की पलीकडे चंदगड. तिथल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पोराने तो हंगाम गाजवला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. सिद्धार्थ वाईट खेळला नाही, चढाया केल्याच. पण टायटन्स तळाच्या दोन संघांत राहिले. आणि ज्यांच्याकडून तो गेला ते यू मुंबा? ते त्याच वर्षी सेमीफायनलला पोचले.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच २०१९ च्या हंगामात यू मुंबाकडे अर्जुन देशवाल नावाचा नवखा रेडर आला होता. मुंबाने तो सोडला, जयपूरने उचलला. २०२२ मध्ये जयपूर विजेता आणि अर्जुन त्या हंगामाचा सगळ्यात मोठा रेडर. अर्जुनला सोडल्यावर यू मुंबा लागोपाठ तीन हंगाम प्लेऑफला पोचला नाही. घरात आलेलं पोर ओळखता आलं नाही, त्याची ही किंमत.

त्याच २०२२ ची तमिळ थलैवाजची गोष्ट तर आपल्या प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवावी. त्यांनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, हंगाम संपला. सगळे म्हणाले, थलैवाज बुडले. पण नरेंदर नावाचा नवा पोरगा उभा राहिला, पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण त्याने घेतले आणि थलैवाज इतिहासात पहिल्यांदा सेमीफायनलला गेले. हिरो बाकावर असता तर नरेंदरला इतक्या चढाया मिळाल्या असत्या का? मला तरी वाटत नाही.

पुढच्या हंगामात पवनला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांना नेलं. टायटन्स शेवटचे आले. पवनने आपलं काम केलं, पण सात जणांच्या खेळात एकटा किती ओढणार?

आणि त्या वर्षी जिंकलं कोण? आपली पुणेरी पलटण. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून. कॅप्टन कोण, तर नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, जो दोन हंगामांपूर्वी नवखा म्हणून याच संघात आला होता. हंगामाआधी पलटणने फाझल अत्राचलीसारखा दादा कॅप्टन सोडला, पण अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे ही पोरं सोडली नाहीत. पोरांची फळी उभी राहिल्यावर मग २ कोटी ३५ लाख मोजून मोहम्मदरझा शादलू हा इराणी कोपरारक्षक आणला. आधी घर बांधलं, मग झुंबर लावलं. आपण उलटं करतो. झुंबर आणतो आणि टांगायला वासा नाही.

क्रिकेटवाल्यांनी हसू नये. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा, तिथलंच बघा. एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली, यशस्वी जयस्वाल मुंबई सोडून गोव्याकडून खेळणार. पलीकडे काय आनंद! मे महिन्यात दुसरी बातमी, विचार बदलला, मुंबईतच राहणार. त्याचा दोष नाही, त्याने आपलं करिअर बघितलं. पण त्याच्या आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पर्वरीच्या मैदानावर स्नेहल कवठणकर आणि कश्यप बकले या गोव्याच्याच दोघांनी रणजीत त्रिशतकं ठोकली, ६०६ धावांची भागी केली आणि गोवा त्याच हंगामात प्लेट गटातून वर चढला. समोर अरुणाचल होतं, मान्य. पण गोव्याला वर चढवलं ते घरच्यांनी.

आता आपल्या दारात. नाव कोणाचं घेत नाही, घ्यायची गरजही नाही, कारण असं बहुतेक ठिकाणी चालतं. मी स्वतः पाहिलेली गोष्ट. एका मंडळाने वर्गणीतला मोठा भाग तीन बाहेरच्या खेळाडूंवर घातला. मानधन, गाडी, जेवणखाण सगळं. वर्षभर रोज संध्याकाळी ग्राउंडवर येणारी गावची पोरं राखीव म्हणून बसली. फायनल जिंकली, फटाके वाजले, बॅनर लागला. पुढच्या वर्षी तेच तिघे दुसऱ्या मंडळाकडून, या मंडळाच्या विरोधात खेळले. आणि बाकावरच्या पोरांपैकी एक गोव्याला कामाला लागला, एकाने ग्राउंडवर यायचंच सोडलं.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाक लागायचं? तयार प्लेअर तो तयार, पोरांचं काय सांगता येतं?" म्हण बरोबर आहे, लावली उलटी. एनबीएत किंवा प्रो कबड्डीत हिरोशी करार असतो, तो निदान हंगामभर तुमचा. आपल्याकडे तो फायनलच्या रात्री पाकीट घेऊन गाडीत बसतो. मग हातचं कोणतं? आपलं पोर. पळतं कोणतं? ते तुम्हीच सांगा.

दुसरं म्हणणं असं की, मोठं नाव असलं की माणसं येतात, चाकरमानी मुंबईहून पैसे पाठवतात, स्पॉन्सर मिळतो. हे खरं आहे, मी नाकारत नाही. शिवाय चांगल्या खेळाडूबरोबर खेळून पोरं शिकतात, हेही खरं. पण बरोबर खेळून. बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या देऊन नव्हे.

म्हणून बाहेरचा खेळाडू बंद करा, असं मी म्हणत नाही. तीन साध्या गोष्टी मंडळांनी यंदा ठरवाव्यात.

१) सातांपैकी किमान पाच गावचे. त्यात एक तरी १९ वर्षांखालचा, आणि तो नावापुरता नाही, सुरुवातीपासून मॅटवर.

२) बाहेरचा आणायचा तर आधी कागदावर लिहा, आपल्याकडे नेमकं काय कमी आहे. कोपरा कच्चा असेल तर कोपरारक्षक आणा. 'नाव मोठं आहे' हे कारण चालणार नाही.

३) जो येईल त्याने सामन्याच्या दोन दिवस आधी यावं आणि शाळेच्या ग्राउंडवर पोरांना शिकवावं. मानधनात हे धरूनच बोलणी करा.

यात एखादी ट्रॉफी जाईल, हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षी कदाचित दुसऱ्याच फेरीत बाहेर पडू आणि शेजारच्या गावची माणसं पारावर बसून हसतील. हसू देत. दोन-तीन वर्षं दम धरला तर आपल्याकडे निदान एक सात जणांचा संघ असेल, जो पुढच्या वर्षीही आपलाच असेल.

वर्गणी तुम्ही देताय. मग मीटिंगला जाऊन विचारा, यंदा गावची किती पोरं खेळणार? आकडा मिळाला तर खाली कमेंटमध्ये लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा, पण मुद्द्याने.