चंचल मुलाचे कोडे एकट्यादुकट्या देशाला सुटणारे नव्हे

भाताची नवी जात शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती एकाच शेतात पेरून पाहत नाहीत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. गोव्यात वर्षानुवर्षे पेरल्या जाणाऱ्या 'जया' भाताचेच घ्या. तिच्या आईबापांपैकी एक जात तैवानची बुटकी, तर दुसरी आपल्या ओरिसाकडची उंच. १९६५ साली हैदराबादेहून सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात निरनिराळ्या राज्यांच्या मातीत तिची परीक्षा झाली आणि १९६८ साली ती शेतकऱ्यांना मिळाली. पीक चांगले आले ते बियाण्याच्या गुणाने की त्या एका शेताच्या मातीने, हे ठरवायला अनेक शेते लागतात.

आज मात्र आम्हांला बोलायचे आहे ते ज्या मुलाचे चित्त एका जागी ठरत नाही त्याच्याविषयी. असे मूल बहुतेक प्रत्येक शाळेत असते. ते बाकावर टिकत नाही, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देते, रांगेत थांबत नाही, आज दप्तर विसरते तर उद्या चपला. काही मुले दंगा मुळीच करीत नाहीत, नुसती खिडकीबाहेर पाहत बसतात. त्यांच्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. डॉक्टर या अवस्थेला 'एडीएचडी' म्हणतात. शेजारीपाजारी म्हणतात, आईने लाडावून ठेवले, बापाचा वचक नाही. मग दृष्ट काढणे होते, शिकवणी बदलणे होते आणि शेवटी छडी. दोष कुणाचा, या एका प्रश्नावरून घरेच्या घरे दुभंगलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून या प्रश्नाचे खरे उत्तर कसे मिळाले व कोणी मिळवले, हे सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

ही अवस्था नवी नाही. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी १८४० च्या दशकात मुलांसाठी लिहिलेल्या पद्यांत जेवणाच्या टेबलाशी चुळबुळ करणारा फिलिप आहे. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले. पण पुढे कित्येक दशके प्रत्येक देशाचे नाव वेगळे आणि मापही वेगळे राहिले. अमेरिकेतील डॉक्टर सढळ हाताने निदान करीत, ब्रिटनमधील डॉक्टर हात आखडून. एका गावचा कुडव मोठा आणि दुसऱ्या गावचा लहान असेल तर कोणाचे पीक जास्त, हे कसे कळावे? त्यामुळे हा अमेरिकेने काढलेला रोग आहे, असे पुष्कळ शहाणी माणसेही म्हणू लागली.

या म्हणण्याचा निकाल लावला तो ब्राझीलच्या संशोधकांनी. ग्विलेर्मे पोलान्चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या १०२ अभ्यासांतील १,७१,७५६ मुलांची माहिती एकत्र करून २००७ साली प्रसिद्ध केली. सरासरी शंभरांत पाचांहून किंचित अधिक मुलांत ही अवस्था आढळली. उत्तर अमेरिका व युरोप यांत खरा फरक दिसला नाही. देशादेशांच्या आकड्यांतील तफावत पुष्कळशी मोजण्याच्या पद्धतीतून आलेली होती. २०१४ साली त्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा एकाच मापाने मोजल्यास तीन दशकांत प्रमाण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. निदाने वाढली, मुले तितकीच राहिली. 'हल्लीची मुलेच अशी' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आनुवंशिकतेची कथा तर अधिक बोधक आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून ही अवस्था बऱ्याच अंशी रक्तातून येते, हे पूर्वीच कळले होते. पण नेमके कोठून? २०१० साली अनेक गटांनी आपापले नमुने एकत्र केले. ती काही हजार माणसे होती, आणि हाती काहीच ठोस लागले नाही. कोणी म्हणेल, पैसा वाया गेला. आमच्या मते तसे नाही. आणखी किती माणसे लागतील याचा अंदाज त्यातूनच आला. पुढे डेन्मार्क मदतीला आला. त्या छोट्या देशात जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून जपून ठेवतात. त्या कागदांना इतर देशांच्या नमुन्यांची जोड मिळाली. २०१९ साली छापून आलेल्या अभ्यासात २०,१८३ रुग्ण व ३५,१९१ इतर माणसे होती, आणि गुणसूत्रांवरील १२ जागा प्रथमच खात्रीने सापडल्या. २०२३ साली रुग्ण ३८,६९१ झाले, तुलनेला १,८६,८४३ माणसे आली आणि जागांची संख्या २७ वर गेली. यातील प्रत्येक जागेचा प्रभाव अगदी इवलासा असतो. तेव्हा कोणी रक्त तपासून एडीएचडी सांगतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.

मेंदूच्या चित्रांचेही असेच झाले. एकेका रुग्णालयात तीसचाळीस मुलांची छायाचित्रे काढून कोणी एक सांगे, कोणी दुसरेच. 'एनिग्मा' नावाच्या जाळ्याने नऊ देशांतील २३ केंद्रांची चित्रे एकाच रीतीने मोजली. एडीएचडी असलेले १,७१३ जण व नसलेले १,५२९ जण त्यात होते. २०१७ साली निष्कर्ष आला तो असा, की मेंदूच्या आतील काही भाग सरासरीने थोडे लहान असतात आणि हा फरक मुलांत अधिक, मोठ्यांत कमी दिसतो. फरक इतका बारीक आहे, की एका मुलाच्या चित्रावरून निदान होऊ शकत नाही. पण आईच्या लाडाने मूल बिघडले, या आरोपाला उत्तर द्यायला तो पुरेसा आहे.

यापेक्षाही आम्हांला महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या बाजूची गोष्ट, कारण तिने डॉक्टरांचेच कान उपटले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली असे दिसले, की डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचे निदान ३० टक्के अधिक मिळते आणि मुलींना ७० टक्के. तेथे वर्गाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला संपते. म्हणजे डिसेंबरचे मूल वर्गात सर्वांत लहान. त्याच्या कोवळेपणालाच कित्येकदा रोग म्हटले गेले. हा थंडीचा किंवा जन्ममहिन्याचा परिणाम तर नव्हे? तैवानात वर्षाची मर्यादा ऑगस्टअखेर असते, आणि तेथे ऑगस्टची मुले पुढे आली. डेन्मार्कमध्ये लहानखुरे मूल एक वर्ष उशिरा शाळेत घालण्याची रीत आहे. तेथे हा फरक जवळजवळ दिसला नाही. तीन देशांच्या तीन वह्या शेजारी ठेवल्या नसत्या, तर हे कोडे उलगडले नसते.

२०२१ साली २७ देशांतील ८० तज्ज्ञांनी एकत्र येऊन खात्रीलायक अशी २०८ विधाने प्रसिद्ध केली. या मंडळींवर आक्षेपही आहेत, आणि ते खोटे नाहीत. औषध कंपन्यांकडून मानधन घेतलेले संशोधक या जाळ्यांत आहेत. आपापल्या लेखांखाली त्यांनी ते छापलेही आहे. औषधांच्या १३३ चाचण्यांची तुलना २०१८ साली झाली, तिच्यात मुलांसाठी मेथिलफेनिडेट हे औषध पहिले ठरले. पण ती तुलना मुख्यतः बारा आठवड्यांची. मूल तर ते औषध कित्येक वर्षे घेते. दीर्घ काळाचा असा हिशेब कंपनीच्या पैशाने होणार नाही. तो सरकारांच्या पैशाने आणि अनेक देशांनी मिळूनच व्हायला हवा.

आणि आपली मुले यात कोठे आहेत? गुणसूत्रांच्या वरील अभ्यासांतील माणसे जवळजवळ सर्व युरोपीय वंशाची. तैवानचे भात तैवानात उत्तम आले म्हणून आपण ते डोळे मिटून पेरावे असे नाही. मग कोपनहेगनच्या मुलावरून खानापूरच्या मुलाचे सर्व काही कळेल असे कसे मानावे? आपल्या देशात सुरुवात झाली आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने ब्रिटनमधील संशोधकांसह 'सी-वेदा' हा प्रकल्प हाती घेतला. वर्तनाच्या तक्रारी व व्यसने यांचे मूळ शोधण्यासाठी ६ ते २३ वर्षांच्या दहा हजार जणांचे लक्ष्य त्यात ठेवले. बंगळूर, म्हैसूर, चंदीगड, कोलकाता, इंफाळ व ऋषी व्हॅली ही त्याची ठिकाणे. केंद्रांत बंगळूरचे सेंट जॉन्स व म्हैसूरचे होल्ड्सवर्थ या ख्रिस्ती संस्थाही आहेत. महाराष्ट्र आणि गोवा या यादीत नाहीत, याचे आम्हांला वाईट वाटते.

असे काम आपल्या भागात आले, तर 'परदेशी लोक आमच्या पोरांचे रक्त नेऊन काय करणार' म्हणून दार लावून घेऊ नये. पण डोळे झाकून सहीही करू नये. नैतिक समितीची परवानगी दाखवा म्हणावे. नमुना कोठे राहील, नाव गुप्त कसे राखाल आणि मधूनच नको वाटले तर सोडता येईल ना, हे विचारावे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे सात वर्षांवरील मुलाची स्वतःचीही मान्यता घ्यावी लागते. निष्कर्ष आम्हांला आमच्या भाषेत सांगायला कधी याल, हेही विचारावे.