तोंडाळ टीनएजर!

फोटोत किती गरीब दिसत होता, नाही? कान पाडलेले, डोळे भरून आल्यासारखे आणि खाली एक ओळ : 'वय ८ महिने, लसीकरण झालेलं, प्रेमळ, घर हवंय.' तुम्ही फॉर्म भरलात, संस्थेची माणसं घर बघून गेली आणि शनिवारी स्वारी दाखल झाली. पहिला आठवडा सोफ्याखाली. दुसरा आठवडा तुमच्या मागे मागे. आणि तिसऱ्या आठवड्यात रोज संध्याकाळी तुमच्या हातांवर दातांची अशी काही नक्षी, की भर उन्हाळ्यात ऑफिसला फुल शर्ट घालून जायची वेळ!

मग घरात तीन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. 'हा बिघडलेलाच आलाय.' 'रस्त्यावरचा तो रस्त्यावरचाच राहणार.' आणि हळूच, दबक्या आवाजात, 'परत देऊन टाकू या का?'

आजचा विषय हे तिसरं वाक्य. ६ ते १८ महिन्यांच्या कुत्र्याच्या बाबतीत ते बऱ्याचदा दोन-तीन महिने लवकर बोललं जातं.

घरात कॉलेजकुमार आलाय

सहा-सात महिन्यांपर्यंत कुत्र्याचे दुधाचे २८ दात जाऊन पक्के ४२ येतात. म्हणजे 'दात येतायत म्हणून चावतोय' हे कारण आठव्या महिन्यात फारसं चालत नाही. आता शरीर जवळजवळ मोठ्या कुत्र्याचं असतं, हॉर्मोन्सचा धुमाकूळ असतो आणि डोक्यातला ब्रेक अजून बसायचा असतो. आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या पोरांसारखंच!

यावर ब्रिटनमध्ये अभ्यासही झालाय. न्यूकॅसल विद्यापीठातल्या ल्युसी अॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. पाच महिन्यांची असताना 'बस' म्हटल्यावर पटकन बसणारी कुत्री आठ महिन्यांची झाल्यावर सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकायला लागली. गंमत म्हणजे अनोळखी माणसाने तेच सांगितलं, तर ऐकत होती. घरच्यांना उलट उत्तरं आणि शेजारच्या काकूंसमोर एकदम गुणी बाळ... ओळखीचं वाटतंय ना?

दत्तक घेतलेल्या कुत्र्याच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. पहिल्या आठवड्यातला त्याचा शांतपणा हा स्वभाव असेलच असं नाही. बऱ्याचदा तो बुजलेला असतो. घर आपलं वाटायला लागलं, की खरा गडी बाहेर येतो. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातला दंगा हे बऱ्याचदा तो रुळतोय याचं लक्षण असतं.

संध्याकाळी सातचा झटका

एक काम करा. आठवडाभर कॅलेंडरवर फक्त वेळ लिहा, केव्हा चावला त्याची. बऱ्याच घरांत उत्तर एकच येतं : संध्याकाळ. तुम्ही ट्रॅफिकमधून वैतागून घरी आलेले, तो दिवसभर एकटा बसून कंटाळलेला. बेल वाजतेय, कुकरच्या शिट्ट्या होतायत, टीव्ही सुरू आहे. त्यात तुम्ही त्याला दमवायचं म्हणून अर्धा तास बॉल फेकताय. तो दमत नाही, आणखी पेटतो!

या वयातल्या कुत्र्याला दिवसातून साधारण १४ ते १६ तास झोप लागते. कुरिअर, लिफ्ट आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशिन यांच्यात ती होत नाही. झोप न झालेलं लहान मूल जसं किरकिर करतं, तसं झोप न झालेलं कुत्रं तोंड चालवतं. म्हणून खेळ कमी, झोप जास्त. त्याची गादी दरवाजापासून लांब, घरातल्या शांत कोपऱ्यात ठेवा. तो तिथे असला, की कुणीही हात लावायचा नाही. पाहुण्यांनीसुद्धा!

दात लागले, त्या क्षणी

हात झटकू नका. हात पळाला की तो शिकार होतो. 'आई गं!' असं किंचाळूही नका. काही कुत्री त्याने थांबतात, पण तापलेल्या गड्याला ती खेळाची शिट्टी वाटते. हात सैल सोडा, गप्प उभे राहा, नजर दुसरीकडे वळवा. तोंड सुटलं, की लगेच त्यात चावायची वस्तू द्या.

परत आला? मग शांतपणे खोलीबाहेर जा आणि दार लावून घ्या. फक्त अर्धा मिनिट. परत या, काहीच झालं नाही असं वागा. पुन्हा चावला, पुन्हा बाहेर. ही शिक्षा नाही. दात लागले की माणूस आणि मजा दोन्ही गायब होतात, एवढाच हिशेब त्याला कळायला हवा. सुरुवातीला एका संध्याकाळी दहा वेळा बाहेर जावं लागेल. शेजारी बघून हसतील. हसू देत.

फिरताना पट्टा ओढून चावतो? रस्सीखेच करू नका. थांबा आणि चार दाणे जमिनीवर टाका. नाक खाली गेलं, की तोंड आपोआप मोकळं होतं.

'बॉस' बनायचा फंडा विसरा

'त्याला एकदा उताणा पाडून दाबून धर, म्हणजे बॉस कोण ते कळेल.' हा सल्ला देणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. या कल्पनेचा उगम लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा' हा शब्द जगभर नेला. मग याच मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. पण सल्ला काही मरत नाही!

त्याचा तोटा मात्र खरा आहे. वर्तनाच्या तक्रारींसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांच्या मालकांची २००९ मध्ये पाहणी झाली. कुत्र्याला मारणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी आणि उताणा पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी सांगितलं, की त्यावर कुत्रा आक्रमक झाला. नाकावर चापट, तोंड आवळून धरणं, वर्तमानपत्राची सुरळी... हे सगळं त्याच माळेतलं. ज्या हाताची भीती बसते, त्याच हाताला पुढे जोरात चावतात.

आणि गुरगुरल्याबद्दल तर कधीच मारू नका. गुरगुरणं म्हणजे त्याने वाजवलेला हॉर्न आहे. हॉर्न काढून टाकला म्हणून गाडी थांबत नाही.

तोंडाला ऑफिस द्या

चावणं ही या वयातली गरज आहे. ती बंद करता येत नाही, तिची जागा बदलता येते. महागड्या दुकानात जायची गरज नाही. जुन्या टॉवेलला गाठी मारा, भिजवा, फ्रीझरमध्ये टाका. पोळीचे तुकडे कापडात गुंडाळून शोधायला द्या. रबरी खेळण्यात साधं दही भरून गोठवा. मोठं गार गाजरही चालेल, फक्त तुमच्या समोर. शिजवलेली हाडं मात्र नकोत, ती चिरफळतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा यांना घरातल्या सगळ्यांकडूनच सक्त मनाई.

सकाळचं फिरणं म्हणजे मॅरेथॉन समजू नका. वीस मिनिटं त्याला हवं तिथे थांबून हुंगू द्या. प्रत्येक खांब म्हणजे त्याचं वर्तमानपत्र! नाकाचं काम झालं, की डोकं दमतं आणि घरी येऊन तो शहाण्यासारखा झोपतो.

घरात एकच भाषा

तुम्ही म्हणता 'सिट', आई म्हणते 'खाली बस', आजी म्हणते 'बस रे माझ्या राजा' आणि बाबा काहीच न म्हणता ताटातली पोळी देतात. तो बिचारा काय समजणार? फ्रीजवर कागद चिकटवा. त्यावर चारच शब्द : 'बस', 'सोड', 'इकडे', 'जागेवर'. सगळ्यांनी तेच वापरायचे, कामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा. दिवसातून चार वेळा, तीन-तीन मिनिटं सराव, आणि ऐकलं की लगेच खाऊ. बाबा हातांनी मस्ती करणार आणि तुम्ही त्याच मस्तीबद्दल रागावणार, असं असेल तर वर्षभर काही बदलणार नाही.

इथे मात्र गंमत नाही

खेळताना चावणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल असतं, शेपटीसकट सगळा हलत असतो. अंग ताठ, नजर रोखलेली, खाण्याच्या भांड्याजवळ गुरगुर, किंवा ठरावीक जागी हात लावला की झेप... असं असेल तर आधी पशुवैद्य गाठा. कानाचं दुखणं किंवा गोचिडांमुळे येणारा ताप यानेही कुत्रा चिडका होतो. सगळं ठीक असेल, तर मारझोड न करणारा ट्रेनर शोधा. नसबंदीबद्दल डॉक्टरांना विचारा, पण तेवढ्याने चावणं थांबेल अशी आशा ठेवू नका. लहान मुलाला आणि त्याला एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

आणि दात लागून कातडी फाटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हळद नाही, मिरची नाही, 'घरचाच आहे, काय होतंय' तर मुळीच नाही. त्याच्या लसीचं कार्ड आजच काढून बघा. रेबीजची तारीख गेलेली असेल, तर आधी तेवढं उरका.

परत देण्याआधी

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घ्यायला मुभा दिली आणि सोबत एक जबाबदारीही टाकली : दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. कायद्याचं सोडा, व्यवहार बघा. आठ महिन्यांचा, 'चावतो' असा शिक्का बसून परत आलेला कुत्रा दुसरं कोण घेणार? छोट्या पिल्लांच्या फोटोंपुढे त्याचा फोटो कुणी उघडूनही बघत नाही.

काही घरांना खरंच जमत नाही. घरात तान्हं बाळ असतं, कुणाची नाइट शिफ्ट असते, आजी वॉकर घेऊन चालत असते. अशा वेळी गुपचूप कुठे सोडून येण्यापेक्षा संस्थेला फोन करून खरं सांगणं केव्हाही चांगलं. नवं घर मिळेपर्यंत त्याला आपल्याकडेच ठेवता आलं, तर आणखी चांगलं.

बाकीच्यांनी कॅलेंडरवरच्या त्या नोंदी दोन महिने चालू ठेवा. रोज सहा वेळा चावणारा आठवड्यातून सहा वेळांवर आला, तर गाडी रुळावर आहे. त्याचं हे वय वर्षभरात सरेल, पुढची दहा-बारा वर्षं तो तुमच्याच दारात शेपूट हलवत उभा असेल. तोवर फुल शर्ट इस्त्री करून ठेवा!