हिशेब कळायचा तर इतिहासही हवा!

बारावीचे निकाल लागले, की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, इकॉनॉमिक्सला स्कोप आहे ना?’ मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘आहे’ म्हणायला मला अडचण नसते. मग मुलगी हळूच म्हणते, ‘मला सोबत इतिहासही घ्यायचाय.’ झालं! आईचा चेहरा उतरतो. ‘अहो, सनावळ्या पाठ करून कोण नोकरी देतंय हिला?’ अर्थशास्त्र म्हणजे बँक, इतिहास म्हणजे फार तर एमपीएससी, असं आपलं साधं समीकरण. हे दोन विषय एकत्र घ्यायचे म्हणजे आपल्याला धड ना हे, धड ना ते वाटतं.

खरं तर आता दार उघडलंय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं आणि २०२३पासून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ते टप्प्याटप्प्यानं लागू झालं. एक मेजर, सोबत दुसऱ्या विषयाचा मायनर, अशी त्यातली रचना. म्हणजे अर्थशास्त्रासोबत इतिहास घेता येतो. कागदावर तरी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन्हींचे तास एकाच वेळी असतात, नाहीतर ‘पुरेशा मुली नाहीत’ म्हणून गट उघडतच नाही.

पण जगात काय चाललंय ते बघा. २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. दोनशे वर्षांतल्या अमेरिकन स्त्रियांच्या कामाचा आणि कमाईचा इतिहास त्यांनी शोधला. २०२४ साली ते असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळालं. वसाहतींच्या काळात उभ्या राहिलेल्या संस्थांचा आजच्या गरिबी-श्रीमंतीशी काय संबंध, हा त्यांचा विषय. आणि २०२५च्या नोबेलचा निम्मा वाटा जोएल मोकीर यांना, जे मुळातच आर्थिक इतिहासकार. सलग तीन वर्षं हे सन्मान इतिहासात हात घालणाऱ्यांना मिळाले, तरी आपण अजून ‘स्कोप’च विचारतोय!

मैत्रिणींनो, यातलं गोल्डिनबाईंचं काम आपल्या फार जवळचं आहे. हार्वर्डच्या अर्थशास्त्र विभागात कायमचं प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जुन्या शिरगणतीचे कागद चाळताना त्यांना दिसलं, की विवाहित स्त्रीच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात नुसतं ‘पत्नी’ लिहिलंय. नवऱ्याच्या शेतात राबणारी, दुकान सांभाळणारी, घरी बसून माल तयार करणारी, सगळ्या ‘पत्नी’! मग त्यांनी दुसरी कागदपत्रं धुंडाळून तो हिशेब नव्यानं मांडला. तेव्हा कळलं, की स्त्रियांचं काम सतत वाढत गेलेलं नाही. शेतीच्या काळात ते बरंच होतं, कारखाने आले तशा विवाहित स्त्रिया घरात गेल्या आणि विसाव्या शतकात कचेऱ्या-शाळा वाढल्या तशा पुन्हा बाहेर पडल्या. नुसत्या आकडेमोडीनं हे सापडलं नसतं आणि नुसत्या गोष्टी गोळा करूनही नसतं.

आपल्याकडे काय वेगळं होतं? ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं, की दिवसभर शेतात वाकलेली बाईसुद्धा म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ १९९१च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच शब्द घातले गेले, की शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरायचं. प्रश्नात चार शब्द वाढले, की मोजणीत येणाऱ्या बायका वाढतात. आकडा आकाशातून पडत नाही. तो कुणीतरी, काहीतरी विचारून मिळवलेला असतो.

आता आपल्या मुंबईतलं उदाहरण घेऊ. १९२०च्या दशकात कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पुढे हे प्रमाण घसरत गेलं, इतकं की आज ‘गिरणी कामगार’ म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. असं का झालं? १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला आणि खर्च मालकांवर पडला. नुसतं अर्थशास्त्र शिकलेली मुलगी पटकन म्हणेल, ‘बाई महाग झाली, म्हणून काढून टाकली.’ त्यात तथ्य नाही असं नाही. पण इतिहास जोडीला असेल, तर ती आणखी चार गोष्टी बघेल. बायकांना रात्रपाळीची बंदी होती आणि गिरण्या तर दोन-दोन पाळ्या चालवू लागल्या होत्या. ज्या वाइंडिंग-रीळिंग खात्यांत बायका होत्या, तिथलीच कामं यंत्रांच्या फेरबदलात कमी झाली. आणि ‘घर चालवणारा तो पुरुष’ हा समज मालकांप्रमाणे पुढाऱ्यांतही मुरलेला होता.

हा कायदा विधिमंडळात चर्चेला होता तेव्हा, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. त्यांचा मुद्दा असा, की आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या समाजाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा. पण बाईच्या कामातून मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्यालाही सुटका नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र आणि इतिहास दोन्ही शिकलेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर १९१५ साली प्रबंध लिहिणारा हा माणूस. ‘खर्च कोण सोसणार’ हा प्रश्न त्यांनी बरोबर हेरला.

२०१७ साली आपल्या देशात बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. चांगलंच झालं. पण कर्मचारी विमा योजनेबाहेरच्या नोकऱ्यांत हा पगार पुन्हा मालकानंच द्यायचा! लहान कंपन्या तरुण मुलींना घ्यायला कचरतील, अशी भीती तेव्हा लगेच बोलून दाखवली गेली. नव्वद वर्षांपूर्वीची चर्चा कुणी नीट वाचली असती, तर खर्चाची वाटणी आधी ठरली असती, असं मला राहून राहून वाटतं.

ताजा आकडाही असाच बघायला हवा. सरकारी श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २०१७-१८ साली २३.३ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. २०२३-२४ साली ४१.७ टक्के. टाळ्या वाजवायच्या? जरा थांबा. यातली बरीच वाढ खेड्यातली आहे आणि स्वयंरोजगारातली आहे, ज्यात घरच्या शेतात-धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्याही येतात. तिच्या हातात पैसा आला का, की पूर्वीचंच काम आता मोजलं गेलं? हा प्रश्न विचारायचा, तर आकडेही यायला हवेत आणि मागचंही माहीत हवं.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. मुलीला हे दोन्ही विषय घ्यायचे असतील तर घेऊ द्या. मात्र तिलाही सांगा, की हा सोपा रस्ता नाही. संख्याशास्त्र टाळून चालणार नाही. जमलं तर मोडी शिकावी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जमाखर्चाचे, सारावसुलीचे ढीगभर कागद मोडीत आहेत, आणि लिपीही येते व हिशेबही कळतो अशी माणसं फार थोडी. पत्रकारिता, बँका, सरकारी नियोजन, संशोधन संस्था, सामाजिक संस्था, अशा सगळीकडे आकड्यामागचं विचारणारं माणूस लागतंच.

आणि महाविद्यालयांना विनंती, माहितीपत्रकात छापलेली जोडी वेळापत्रकातही दिसू द्या. पालकांनी प्रवेश घेतानाच ते तास तपासावेत, नसतील तर प्राचार्यांना विचारावं. चार-पाच घरांनी मिळून विचारलं, तर गटही उघडतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या कामापुढे रकान्यात ‘काही नाही’ लिहिलं गेलं. ते दुरुस्त करायला कुणीतरी शिकायला तर हवं!