शाल-श्रीफळाच्या आधी उत्तराधिकारी

संग्रहालयाचा अभिरक्षक तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होतो, तेव्हाचा कार्यक्रम ठरलेला असतो. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि 'ही पोकळी भरून निघणार नाही' असे एक भाषण. पुढे बहुतेक वेळा ती पोकळी भरून निघू नये याची काळजी खुद्द यंत्रणाच घेते. पद रिक्त राहते, अतिरिक्त कार्यभार आधीच दोन खुर्च्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो आणि चार्जच्या यादीवर सह्या होऊन विषय मिटतो. अशा माणसाचा खरा सन्मान निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी सुरू व्हायला हवा. त्याचा उत्तराधिकारी नेमावा, त्याला त्याच्याच हाताखाली कामाला लावावे आणि नोंदवहीत न आलेली माहिती त्या काळात कागदावर आणावी.

चार्जच्या यादीत वस्तू मोजल्या जातात, पण वस्तूचे मोल तिच्यामागच्या माहितीत असते. ती कुठून आली, कोणी दिली, तिच्याबद्दलचा कोणता दावा पुराव्यावर उभा आहे आणि कोणता ऐकीव, हे कळल्याशिवाय तलवार म्हणजे नुसते लोखंड. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आलेल्या वाघनखांवरून झालेला वाद आठवावा. त्यांच्या पेटीवरचा मजकूर ही वाघनखे शिवाजी महाराजांची असल्याचे आणि ती साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याला मिळाल्याचे सांगतो. मात्र अफझलखानाच्या वधात वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. दोन शतकांपूर्वीच्या हस्तांतराची नोंद अपुरी राहिली की पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला वाद येतो. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संग्रहालयांत आज जे नोंदवायचे राहील, त्यावरून उद्या असेच वाद होतील.

यावर पहिला आक्षेप असा की, आता सगळे संगणकावर आहे. पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेली 'जतन' ही संग्रहनोंदणीची प्रणाली देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांत वापरली जाते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण नोंदवहीत 'धातूची मूर्ती, एक' एवढेच असेल तर पडद्यावरही तेवढेच उमटेल. तो रकाना भरायला माहीतगार माणूसच लागतो, आणि तो निवृत्त होण्याआधी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच माणसावर इतके विसंबणे धोक्याचे नाही का? आहेच. ब्रिटिश संग्रहालयातल्या सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्याचे, गहाळ झाल्याचे किंवा त्यांचे नुकसान झाल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आले. एका कर्मचाऱ्याला बडतर्फ केले गेले, संचालकांनी राजीनामा दिला. त्यांतल्या अनेक वस्तूंची नीट नोंदच नव्हती, म्हणून त्या नाहीशा झाल्याचे लवकर कळले नाही. म्हणूनच माहिती एकाच डोक्यात राहू देणे हा त्या माणसाचा गौरव ठरत नाही. प्रामाणिक अभिरक्षकालाही सोबतीला दुसऱ्या जाणकार डोळ्यांची जोड हवी. वर्षभराच्या सहवासात नवा माणूस शिकेल आणि एकेका वस्तूची पडताळणीही होईल.

तिसरा आक्षेप पैशांचा. एका पदावर दोघांचा पगार सरकारी नियमांत कसा बसणार? त्यासाठी नियमात तात्पुरत्या जादा पदाची तरतूद करता येईल. निवृत्तीची तारीख तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, त्यामुळे भरती ऐनवेळी रखडली ही सबब टिकत नाही. राष्ट्रीय संग्रहालयांतल्या नोंदी आणि पडताळणी यांतल्या त्रुटींवर महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात बोट ठेवले होते. त्या त्रुटी निस्तरण्याच्या खर्चापुढे वर्षभराचा एक पगार किरकोळ आहे.

वेळीच हाती सोपवण्याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. पुण्याचे संग्राहक दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ मध्ये, स्वतः हयात असताना, राज्य शासनाच्या स्वाधीन केला. पुढची पंधरा वर्षे ते होते. आपल्यावाचून संग्रह चालावा, ही सोय त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत केली. जो संग्रह स्वतःचा होता त्याबाबत एका माणसाला हे जमले; लोकांचा संग्रह सांभाळणाऱ्या शासनाला ते अवघड वाटू नये. निरोप समारंभात शाल जरूर द्यावी, फक्त ती घालायला वर्षभर हाताखाली तयार झालेला उत्तराधिकारी पुढे यावा.