वैमानिकाचे शिक्षण : जोखीम कोणाची?

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण आवश्यक असते. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे. विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण पुढे वेगळेच घ्यावे लागते. गोंदिया वा फुरसतगंज येथे शिकावे, परदेशी जावे, की विमान कंपनीच्या कॅडेट योजनेत शिरावे, हा प्रश्न केवळ शुल्काचा नाही. जोखीम कोणी सोसायची, हा आहे. 2012 मध्ये किंगफिशरची आणि 2019 मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकही बेकार झाले. तेथे नवशिक्यांची काय कथा! कर्ज मात्र कुटुंबाच्या माथी राहते. म्हणून वैद्यकीय पात्रता आधी तपासावी आणि करारात नोकरीची हमी आहे की नुसतीच आशा, हे पाहावे. लाभ कंपनीला आणि धोका पालकांना, ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही.