पिशवीतले हत्यार

गेल्या ऑगस्टात आपल्या मंडळाची सहल अलास्कातल्या रशियन नदीच्या धबधब्याकडे गेली, तेव्हा मी छातीवर होल्स्टर बांधून गाडीतून उतरलो आणि त्यात चार इंची नळीचे .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर आहे हे सर्वांच्या दृष्टीस पडले. त्या क्षणापासून परतीच्या चहापर्यंत माझ्या वाट्यास जी थट्टा आली तिचा हिशेब मांडावयाचा नाही असे ठरवून मी हा लेख लिहावयास बसलो होतो, परंतु तो मांडल्यावाचून लेखणी पुढे सरकत नाही असे दिसते. कोणी मला गब्बर म्हणाले, कोणी 'वन्समोअर' दिला, आणि ज्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे अशा एका ज्येष्ठ सभासदांनी, सौम्य शब्दांत का होईना, "घरच्या मंडळींत हे प्रदर्शन कशाला?" असे विचारले. मी गप्प राहिलो. जाऊनयेऊन पाचएक मैलांची चाल आटोपून आम्ही गाड्यांपाशी परतलो, चटया पसरल्या, आणि त्याच सद्गृहस्थांनी आपल्या पाठपिशवीतून प्रथम थालीपिठांचा डबा, मग लोणच्याची बरणी, मग पावसाळी कोट आणि सर्वांच्या तळाशी जुन्या पंचात गुंडाळलेले, माझ्या रिव्हॉल्वरहूनही दांडगे असे एक रिव्हॉल्वर बाहेर काढले. शेजारी बसलेल्या सात वर्षांच्या एका मुलीने ते पाहिले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही डबा काढेपर्यंत अस्वल थांबतं का?"

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण जे मला दिवसभर सांगता आले नव्हते ते त्या पोरीने एका वाक्यात सांगून टाकले होते.

वस्तू घरात असणे निराळे आणि ती हाताशी असणे निराळे, हा भेद आपल्या आयांना ठाऊक होता. माझ्या आईचा मिसळणाचा डबा चुलीपासून हातभर अंतरावर असे; तेल तापल्यावर मोहरी माळ्यावरून काढण्याची सोय फोडणी देत नाही. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, सुटे पैसे कनवटीला, आजीची सुपारी बटव्यात आणि बटवा उशाशी, असा त्या घराचा शिरस्ता होता. त्याच घरात थोरल्या काकांची बाराबोअरची बंदूक होती. तिचा परवाना दर मुदतीस नवा होई, निवडणूक आली की ती निमूटपणे ठाण्यात जमा होई, आणि खंडेनवमीला खुंटीवरून उतरून हळदकुंकू लावून घेई. परंतु ज्या रात्री रानडुकरे ज्वारीत शिरली त्या रात्री काडतुसांच्या पेटीची किल्ली सापडली नाही, आणि काकांनी शेवटी परात बडवून डुकरे हाकलली. आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांचे रिव्हॉल्वर पाहिले आणि मला खुंटीवरच्या त्या बंदुकीची आठवण झाली. त्यांचे हत्यारही पूजेचेच होते. फरक इतकाच की हळदकुंकवाऐवजी त्याला लोणच्याचे तेल लागले होते.

सॉकाय सॅमन चढू लागला की त्या नदीवर तपकिरी अस्वले येणारच. आपण त्यांच्या पंगतीत बिनबोलावता शिरलेले पाहुणे. पाण्याच्या आवाजात आपली चाहूल त्यांना लागत नाही, ऑल्डरच्या दाट झुडपांत ती आपल्याला दिसत नाहीत, आणि बिथरलेले अस्वल ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक वेगाने, म्हणजे सेकंदास चौदा मीटर, धावू शकते. वीस पावलांवर गाठ पडली तर हाती सेकंदभराचा अवधी. तेवढ्यात पिशवी उतरवणे, बंद सोडणे, डबा काढणे, बरणी काढणे, पंचा उलगडणे हा सारा विधी यथासांग कसा उरकावयाचा?

मग कमरेला का नको, असे विचारणारे विचारतात. मीही प्रथम कमरेचेच होल्स्टर घेतले होते. पाठपिशवीचा कमरपट्टा नेमका त्यावर बसे, मूठ त्याखाली दबे, आणि काडतुसांसह सव्वा किलोच्या पुढे जाणारे ते धूड दर पावलास मांडीवर आपटे. पाण्यात उतरून मासे धरणाऱ्यांची अडचण तर आणखीच. छातीपर्यंतच्या रबरी पोशाखाखाली गेलेले हत्यार नसल्यासारखेच. म्हणून तर येथील मार्गदर्शकांनी आणि कोळ्यांनी छातीची जागा पसंत केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांतील शिपायांचे पिस्तूल कमरेवरून वर चढले तेही अशाच अडचणीपायी, बसल्या जागी कमरेशी हात पोहोचेना म्हणून. आणि नुसत्या खांद्याच्या पट्ट्यावर ते झोके घेते असे दिसल्यावर पुढच्या नमुन्यात छातीभोवती दुसरा पट्टा आला. आजच्या छातीवरच्या होल्स्टरची ठेवण मुळात तीच आहे.

ते निवडताना एक गोष्ट सर्वांच्या आधी पाहावी, आणि बाकी सर्व विसरलात तरी चालेल: होल्स्टरचे पट्टे पाठपिशवीपासून स्वतंत्र असले पाहिजेत. पिशवीच्याच पट्ट्यांना अडकवण्याचे प्रकार दुकानांत मिळतात, ते हलके वाटतात, स्वस्तही पडतात. परंतु आपण थकून पिशवी झाडाला टेकवतो, पाणी भरावयास ओढ्याकडे जातो, आणि हत्यार पिशवीची राखण करीत बसते. दुसरे असे की, पिशवीचा छातीवरचा आडवा पट्टा आणि कमरपट्टा यांच्या दरम्यान, उजव्या हाताच्या माणसास किंचित डावीकडे, मूठ उजव्या हाताकडे झुकलेली असे ते बसावे. दुकानात अंगातल्या सदऱ्यावर नव्हे, तर रानात घालावयाचा जाड कोट आणि भरलेली पिशवी चढवून ते बांधून पाहावे. चाप पूर्णपणे झाकलेला हवा. वरची पट्टी मूठ धरणाऱ्या हाताच्याच अंगठ्याने सुटावी, पण बुटाची नाडी बांधावयास वाकलो किंवा निसरड्यावर उताणे पडलो तरी आपणहून सुटू नये. खांद्याचा पट्टा रुंद असावा. विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्यांनी अरुंद पट्ट्याचा ढोल तासभर वागवला आहे त्यांना याचे कारण सांगावयास नको. (आमच्या घरातून या ठिकाणी अशी टीप आली आहे की, ढोल बांधावयास सांगितला की यांची कंबर दुखते आणि हे लोढणे मात्र दिवसभर चालते.)

कातड्याचे घ्यावे की कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचे, या वादात मी शिरत नाही. कातडे अंगाशी मऊ बसते आणि आवाज करीत नाही, पण आपल्या येथल्या पावसात भिजले की लवकर वाळत नाही आणि आत ओलावा धरून स्टेनलेस पोलादासही गंजाचे ठिपके पाडते; कायडेक्स पाणी पीत नाही, पण ज्या नमुन्याच्या साच्यावर घडवले त्याचेच असते, दुसरे रिव्हॉल्वर त्यात नांदत नाही. याहून महत्त्वाची तक्रार नळीच्या दिशेची आहे. काही होल्स्टरांत नळी इतकी आडवी बसते की डाव्या बाजूने चालणारा सोबती दिवसभर तिच्या रोखात असतो. हे त्याने का सोसावे? आणि सहलीत तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या तरुणाच्या हाती "धर जरा" म्हणून रिव्हॉल्वर देणारे आपले हौशी लोक! शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर अशा व्हिसावरील माणसाने बंदूक बाळगणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसते. त्यावर लिहावयाचे तर दुसरा लेख होईल.

अलास्कात २१ वर्षांवरील माणसास हत्यार वागवावयास परवाना लागत नाही; जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या माझ्या काकांना हे खरे वाटले नसते. परंतु सरकारने दप्तर ठेवले नाही म्हणजे आपण आपले ठेवावयाचे नाही असे थोडेच आहे? रिकाम्या रिव्हॉल्वरनिशी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, होल्स्टरमधून ते काढण्याचा सराव शंभरदा झाला नसेल तर छातीवरचे हत्यारही खुंटीवरचेच. आणि जीव वाचवण्यासाठी अस्वल मारले तरी प्रकरण तेथे मिटत नाही: कातडे नखांसह सोलून कवटीसकट सरकारजमा करावे लागते आणि १५ दिवसांच्या मुदतीत लेखी जबानी द्यावी लागते.

येथवर लिहिल्यावर माझ्या ध्यानात आले की मी प्रवचन करू लागलो आहे, आणि ज्याने पहिली दोन वर्षे आपले स्वतःचे रिव्हॉल्वर पिशवीतच, टॉवेलखाली, दडवले होते त्याला प्रवचनाचा अधिकार कितपत? मलाही लाजच वाटत होती. आपल्यासारख्या पाढे म्हणून मोठ्या झालेल्या माणसाने छातीवर शस्त्र बांधावे, हे वडिलांनी पाहिले असते तर काय म्हटले असते, या विचाराने मी ते झाकीत होतो. आणि त्या ज्येष्ठ सभासदांनीही ते पंचात गुंडाळले ते बहुधा याच संकोचाने. त्यांनी माझा राग मानू नये. आणखी एक कबुली देणे प्राप्त आहे: टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अलास्कातील जो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात तपकिरी अस्वलांच्या बाबतीत मिरचीच्या फवाऱ्याने ९२ टक्के प्रसंगी काम भागवलेले आढळले. ज्यांचा नेम बसलेला नाही त्यांनी फवाराच घ्यावा; लाजण्यासारखे त्यात काही नाही. मात्र तोही पिशवीत नको.

म्हणून पुढील सहलीस निघताना माझी सर्वांना एकच विनंती आहे. गाड्यांपाशी उभे राहून प्रत्येकाने आपली पाठपिशवी क्षणभर जमिनीवर ठेवावी. हत्यार किंवा फवारा अंगावर राहिला तर पुढे चालावे. पिशवीबरोबर खाली गेला तर तो तेथेच गाडीत कुलपात ठेवावा आणि ज्याच्या अंगावर राहिला आहे त्याच्याबरोबर चालावे. थालीपिठे मात्र अवश्य आणावीत. ती उत्तम झाली होती.